तार कुणाची, वावर कुणाचं?

(गोंदिया येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथं आम्ही कापूस-ज्वारीवाल्यांनी येऊन विजेच्या तारांवर बोलावं, याचं कुणाला नवल वाटेल. पण तार इथूनच निघते. तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॅटचे पाच संच आहेत. एकूण 3300 मेगावॅट. तिथून 400 केव्हीची वाहिनी वरोऱ्याला जाते आणि 765 केव्हीची कोराडी, अकोल्यावरून औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे. धानाच्या मुलखात तयार झालेली वीज आमच्या पऱ्हाटीवरून आणि ज्वारीवरून जाते. म्हणून हा प्रश्न तुमचाही आहे आणि आमचाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. आपण तारेच्या विरोधात नाही. आपल्या विहिरीवरच्या पंपाला वीज कुठून तरी तारेनंच येते. प्रश्न एवढाच आहे की, ही तार ओढायची परवानगी कोण देतो, कुणाला विचारून देतो, आणि ज्याच्या वावरातून ती जाते त्याचं नाव त्या कागदावर कुठं असतं?

दूरचं उदाहरण घेतो, म्हणजे जवळचं समजेल. झारखंडात गोड्डा इथं 1600 मेगावॅटचं खाजगी केंद्र उभं राहिलं, ते बांगलादेशाला वीज विकण्यासाठी. 2017 साली करार झाला, 2023 साली वीज सीमेपार जाऊ लागली. देशाबाहेर वीज न्यायची तर दिल्लीची मंजुरी लागते. त्याचे नियम ऊर्जा मंत्रालयानं 2016 साली केले, 2018 साली बदलले. या कामासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा एक सदस्य नेमलेला आहे. त्या टेबलावर दोन सरकारं बोलतात, विकणारा बोलतो, घेणारा बोलतो. आणि ज्याच्या डोक्यावरून तार जाते तो? बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात, फरक्क्याच्या बाजूला, आंबा आणि लिचीच्या बागा आहेत. तिथल्या बागाईतदारांनी 2022 साली काम अडवलं, पोलिसांशी झटापट झाली. 2023 साली ते कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले. तार थांबली नाही.

आता पुढचं ऐका. 5 ऑगस्ट 2024 रोजी बांगलादेशातलं सरकार पडलं. 12 ऑगस्टला आपल्या सरकारनं नियम बदलला आणि बाहेर विकण्यासाठी उभारलेल्या केंद्राला देशातही वीज विकायची वाट मोकळी केली. सात दिवस! गिऱ्हाईक बुडण्याची भीती कंपनीला होती, ती सरकारला आठवड्यात समजली. विजेचा कायदा झाला 2003 साली. मनोऱ्याखालच्या जमिनीचे किती टक्के द्यायचे, याच्या केंद्राच्या सूचना निघाल्या ऑक्टोबर 2015 मध्ये. आपली भीती समजायला बारा वर्षं लागली.

सीमेची गोष्ट निघाली म्हणून जुनी आठवण देतो. 1972 साली कापूस एकाधिकार योजना आली आणि आपला कापूस राज्याबाहेर नेणं हा गुन्हा ठरला. रात्री बंडी हाकणारा शेतकरी चोर झाला. 5 मार्च 2012 रोजी कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. 20 जुलै 2023 रोजी पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. इथल्या धानवाल्यांना ते वेगळं सांगायला नको. वीज सीमेपार जाते तेव्हा तो राष्ट्राचा विकास. कापूस आणि तांदूळ निघाला की नाका आडवा!

आता कायदा बघू. 2003 च्या विद्युत कायद्यात कलम 68 आहे. त्याखाली वाहिनीला सरकारची पूर्वमंजुरी लागते. 2006 च्या नियमांत लिहिलं आहे की, जमीनमालकाची संमती घ्या. तो नाही म्हणाला तर जिल्हाधिकाऱ्याकडे जा. वाचायला बरं वाटतं. पण पुढे कलम 164 आहे. सरकारनं त्याखाली आदेश काढला की कंपनीला 1885 च्या तार कायद्याचे अधिकार मिळतात, आणि मग तुमच्या संमतीची गरज उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर 2016 मध्ये हेच सांगितलं. इंग्रजानं टपालाच्या तारेसाठी केलेला तो कायदा. तारसेवा 2013 साली बंद झाली. 2023 च्या दूरसंचार कायद्यानं जुना कायदा मोडीत काढला, पण त्याचा तिसरा भाग विजेच्या वाहिन्यांसाठी मुद्दाम राखून ठेवला. तार गेली, तारेची सक्ती राहिली.

माझ्या घरचं सांगतो. मी शेतकी पदवीधर. गावोगाव नुकसानीच्या पंचनाम्यावर बोलत फिरत होतो. आणि माझ्याच वडिलांच्या वावरात मनोरा उभा राहिला. कंपनीचं नाव घेत नाही, नाव घेऊन काही होणार नाही. तार ओढणारी टोळी आली ती कार्तिकात, बोंडं फुटलेली असताना. ट्रॅक्टर पऱ्हाटीतून फिरले. पंचनामा करायला माणूस आला वैशाखात. तेव्हा वावरात काय होतं? धसकटं! वडिलांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली होती, कारण साहेब म्हणाले, "बाकीचं आम्ही भरतो." पायासाठी खोदलेला मुरूम त्यांनी काळ्या मातीवर पसरला. ज्या जागी टोळीची वाहनं उभी राहत, तिथं पुढे दोन वर्षं ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही. काळी माती ओली असताना तिच्यावरून जड वाहन गेलं की खाली थर घट्ट बसतो, पाणी मुरत नाही, मूळ उतरत नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण शिकलेला मुलगा त्या दिवशी गावात नव्हता.

म्हणून हिशेब शिकून घ्या. 400 केव्हीच्या वाहिनीखाली साधारण 46 मीटर रुंदीचा पट्टा धरतात. तुमच्या वावरातून ती 100 मीटर गेली तर 4600 चौरस मीटर, म्हणजे 45 गुंठे, एकरापेक्षा जास्त. तिथं ज्वारी-कापूस घेता येईल, पण घर, गोठा बांधता येणार नाही, आंबा-सागवान वाढवता येणार नाही. सात-बारा तुमचा, वापर अर्धा त्यांचा. केंद्राच्या जून 2024 च्या सूचना म्हणतात: मनोऱ्याच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के. पायाची जागा मोजताना चार पायांच्या बाहेर प्रत्येक बाजूला एक मीटर जास्त धरायचा. हिशेबासाठी एकरी चार लाख धरू, म्हणजे गुंठ्याला दहा हजार. पाय 15 मीटरचे असतील तर जागा 17 गुणिले 17. पावणेतीन गुंठ्यांच्या वर. त्याचे सुमारे 57 हजार. पट्ट्याचे 45 गुंठ्यांचे 1 लाख 35 हजार. पिकाचं आणि झाडांचं नुकसान यापेक्षा वेगळं. आता सांगा, तुमच्यापैकी किती जणांना पट्ट्याचे पैसे मागायचे असतात हे माहीत होतं?

अमेरिकेत कॅनडाकडून येणाऱ्या तारेला राष्ट्राध्यक्षांच्या नावानं परवाना लागतो. मेन राज्यात तसा परवाना मिळालेल्या वाहिनीवर 2021 साली लोकांनी मतदान केलं आणि ती नाकारली. पुढे न्यायालयात कंपनी जिंकली. म्हणजे तिथंही लोक हरले. पण त्यांना विचारलं तरी गेलं. आपण विचारण्याइतकेही नाही काय?

गावात गेल्यावर पाच कामं करा. वर्तमानपत्रात गावांच्या नावांसह सूचना छापून येते. ती ग्रामपंचायतीत लावा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. कलम 164 चा आदेश आणि राज्याचा लागू शासन निर्णय, दोन्हींच्या प्रती मागा; केंद्राच्या सूचना आणि राज्याचा निर्णय यांत फरक असू शकतो. काम सुरू होण्याआधी उभ्या पिकाचा पंचनामा तलाठी आणि कृषी सहायकासमोर करून घ्या, फोटो काढा. पाया खोदताना वरची दीड फूट काळी माती वेगळी ठेवून परत वर पसरण्याची अट लिहून घ्या. आणि पाचवं, कोऱ्या कागदावर सही करू नका. रक्कम कमी वाटली तर तोच 1885 चा कायदा कलम 16 मध्ये तुम्हाला जिल्हा न्यायाधीशाकडे जायचा हक्क देतो. इंग्रजानं ठेवलेली ती एक खिडकी आहे. तिच्यातून एकटे जाऊ नका, एका वाहिनीवरची सगळी गावं मिळून जा.

तार तिरोड्यापासून वरोऱ्यापर्यंत एक आहे. तिच्याखालचा शेतकरी मात्र धुऱ्याधुऱ्यानं वेगळा पडला आहे. तारेइतकी एकी आपल्यात आली, तर पुढच्या परवानगीच्या कागदावर आपलं नाव लिहावंच लागेल.