कोंडवाडा

(तालुका शिबिरात आमच्या तरुण गटाने केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



बायांनो, भावांनो, म्हाताऱ्या माणसांनो आणि मागे उभ्या पोरांनो,

आम्हाला विषय दिलाय, माणसाला आणि जनावराला समाज कसा वागवतो आणि पुस्तकात त्याचं काय लिहिलंय. विषय मोठा आहे. आम्ही शिकलो फक्त बारावी. म्हणून कोंडवाड्यापासून सुरू करतो, तो तरी सगळ्यांनी पाहिलाय.

गेल्या पावसात आमच्या पाड्याची अकरा गुरं धरली. ओढ्यापलीकडचा माळ आजापासून गुरं चारायचा. त्यावर साग लावला, तार मारली, पाटी ठोकली. गुरांना पाटी वाचता येत नाय. आपल्यातल्या निम्म्यांनाही येत नाय, आणि हे पाटी ठोकणाऱ्याला पक्कं माहीत आहे. गुरं हाकलत कोंडवाड्यात नेली. तीन दिवस ठेवली. वर छप्पर नाय, खाली घोट्याएवढा चिखल आणि शेण. हौदात पाला कुजलेला. आम्ही डोक्यावर गवताचे भारे घेऊन गेलो, तर दारावरचा माणूस म्हणतो, आधी दंड भरा. दंड भरला, त्यात चाऱ्याचेही पैसे धरलेले. जो चारा गुरांनी डोळ्यांनी पाहिला नाय त्याचे! पावती मागितली तर म्हणाला, पुढच्या वेळी देतो.

आमच्यातल्या एका म्हातारीची गाय गाभण होती. घरी आली आणि दुसऱ्या रात्री गाभ टाकला. चौथ्या दिवशी गाय पण गेली. म्हातारीने दंडासाठी सावकाराकडून पैसे काढले होते. गाय मेली, व्याज जिवंत आहे.

आम्ही मग या कोंडवाड्याचा कायदा शोधला. तालुक्याच्या एका वकिलाने वाचून दाखवला. कायदा १८७१ सालचा, इंग्रजांचा. त्या वकिलानेच हसत हसत सांगितलं, त्याच साली इंग्रजांनी अजून एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. आम्ही हसलो नाय. एकाच वर्षात गुरं कोंडायचा कायदा आणि माणसं कोंडायचा कायदा! त्या दुसऱ्या कायद्याने पारधी, कैकाडी अशा जमातींवर जन्मापासून चोराचा शिक्का बसला. पोलिसाकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाय. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. देश स्वतंत्र झाला तरी ती माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. गुरांचा कायदा तसाच राहिला.

आपल्या वारल्यांवर तसा शिक्का नव्हता. पण शिक्का नसला म्हणून काय झालं? आमच्यातल्या एकाची आजी सांगते, सावकाराचा बैल बसला तेव्हा त्याच्या जागी आजाला औताला जुंपलं. एका बाजूला बैल, एका बाजूला आजा. आजी म्हणते, बैलाला संध्याकाळी पेंढा टाकला, आजाला काय पण नाय. १९३८ साली सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारला अहवाल दिला, त्यात वेठ आहे, मारहाण आहे, लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी आहेत. सरकारने वाचला असेल, ठेवून दिला असेल. वेठ बंद झाली ती अहवालाने नाय. २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाय म्हणून ठरवून उठले. त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड पडला. हे गोदावरीबाई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलंय. आपल्याविषयी पुस्तकं थोडी, त्यातलं हे एक. ज्या पाड्यात अजून पोहोचलं नसेल त्यांनी आमच्याकडून न्यावं, पण परत आणावं. मागची एक प्रत गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट बंगालची. शरच्चंद्र चटर्जींची 'महेश'. आम्ही ती पाड्यावर रात्री वाचली. गफूर नावाचा गरीब मुसलमान, त्याची पोर अमिना आणि महेश नावाचा म्हातारा बैल. गावाची चराई जमीनदाराने पैशासाठी दुसऱ्याला देऊन टाकली. गफूरच्या वाट्याचा पेंढा थकबाकीत गेला. गावचा ब्राह्मण त्याला सांगतो, बैल उपाशी ठेवणं पाप आहे. गफूर म्हणतो, मग थोडा पेंढा उसना द्या. तर ब्राह्मण चालायला लागतो, दारात पेंढ्याच्या गंज्या असताना! इथे सगळा पाडा हसला, कारण असा माणूस सगळ्यांना ठाऊक आहे. मग महेश दुसऱ्याच्या बागेत शिरतो, त्याला कोंडवाड्यात टाकतात. गफूर घरातलं पितळी ताट गहाण ठेवून त्याला सोडवतो. तेव्हा आमची म्हातारी अंधारातून बोलली, "त्याचं ताट गेलं. मी अजून व्याज भरतेय." पुढे वाचणाऱ्याला थोडा वेळ वाचताच येईना.

शेवटी दुष्काळात अमिना कुठून कुठून घडाभर पाणी आणते. तहानेला महेश तिला पाडतो, घडा फुटतो, तो जमिनीवरचं पाणी चाटायला लागतो. गफूर तेव्हाच जमीनदाराचा मार खाऊन आलेला. तो नांगराचा फाळ उचलतो आणि महेशच्या डोक्यात घालतो. ज्याला पोरासारखं वाढवलं त्यालाच.

गोष्ट संपल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाय. आमच्या गटातल्या एकाने ठेकेदाराकडे कुपावर महिनाभर लाकूड ओढलं, गाडी-बैल स्वतःचे. मजुरी मागितली तर शिवी मिळाली. घरी येताना चढावावर बैल थांबला, तर यानं कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याला तोंडावर मारलं. एक डोळा गेला. बैल अजून आहे, त्याच बाजूने धडका खातो. हे सांगायला लाज वाटते, पण शिबिरात सांगायचं असं ठरवून आलोय. ठेकेदाराला हात लावायची हिंमत नव्हती. बैल जवळ होता.

तेव्हा एक बाई बोलली, "बैलाचं सांगता. बाजारातून ताडी पिऊन येता तेव्हा आम्हालाही तसंच मारता, ते कोणत्या पुस्तकात आहे?" आम्हाला उत्तर देता आलं नाय. आजही नाय. पण ही गोष्ट शिबिराच्या कागदावर यावी म्हणून ती इथे बोललो. पुढच्या बैठकीत हा विषय बायांनी मांडावा, पुरुषांनी त्या दिवशी ऐकावं.

आता कामाचं. वाघबारशीला आपण वाघदेवाला नारळ देतो, गुरांना सांभाळ म्हणतो. पण वाघाने नेली नसतील इतकी गुरं कोंडवाड्याने नेलीत. तो १८७१ चा कायदा आपल्यासाठी केलेला नाय, तरी त्यातही काही ओळी आपल्या उपयोगाच्या आहेत. कोंडवाड्यातल्या गुराला चारा-पाणी देणं हे कोंडवाडेवाल्याचं काम आहे, नाय दिलं तर त्यालाच दंड आहे. गुरं चुकीची धरली असतील तर दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते. हे दहा दिवस लक्षात ठेवा, आमचे रडण्यात गेले. सात दिवसांत कोणी सोडवलं नाय तर नोटीस निघते, आणखी सात दिवसांनी लिलाव. लिलावात गुरं कोण घेतं, ते प्रत्येक पाड्याने बघून नाव लिहून आणावं. आमच्या तालुक्यात दोन वेळा तोच एक माणूस होता.

पावतीशिवाय दंड भरायचा नाय. एकटं जायचं नाय, दहा जणांनी जायचं, गवताचे भारे घेऊन. ओढ्यापलीकडच्या माळाचे जुने कागद कोणाच्या घरात असतील, पेटीत, घडवंचीखाली, उंदराने खाल्लेले असले तरी चालतील, ते सोमवारच्या बाजाराला संघटनेच्या झोपडीत घेऊन या. आम्ही दुपारपर्यंत तिथेच आहोत.

जिंदाबाद!