सभासद आणि शेजारी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे नीटनेटके करून, स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. एकोणतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे मुदतीत हिशेब मिटवायची सवय आहे. आजही एक जुना हिशेब मिटवायचा आहे. तो सोसायटीचा नाही, माझा स्वतःचा आहे.

२००० साली आपली सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा नेरूळच्या या भागात संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळत नसे. मी २००१ साली बँकेच्या व्हीआरएसमध्ये बाहेर पडलो आणि मिळालेल्या पैशातून इथे फ्लॅट घेतला. आपल्यातले बरेचजण तसेच आलेले. कुणी रिफायनरीतून, कुणी पोर्टमधून, कुणी रेल्वेतून, कुणी शाळेतून निवृत्त झालेले. पीएफचा चेक हातात आणि मुलांची लग्नं व्हायची बाकी. आज मुलं पुण्याला, बंगळूरूला, अमेरिकेला आहेत आणि अठ्ठेचाळीस फ्लॅटपैकी निम्म्याहून जास्त घरांत फक्त म्हातारा-म्हातारी किंवा दोघांपैकी एकच. कुणी ठरवलं नव्हतं, पण आपली सोसायटी निवृत्तांची वसाहत होऊन बसली.

आणि कुणी ठरवलं नसताना दुसरीही एक गोष्ट झाली. परवा स्मरणिकेसाठी सभासदांची यादी करायला बसलो तेव्हा सहज मातृभाषा मोजल्या. मराठी, मल्याळम, तमिळ, कन्नड, कच्छी, सिंधी, कोकणी, बंगाली, पंजाबी. नऊ झाल्या. सकाळी जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर फिल्टर कॉफीचा वास, दुसऱ्यावर मोहरीच्या तेलाचा आणि पहिल्यावर आमच्याकडच्या सुकटीचा. सुकटीच्या वासाबद्दल शेजाऱ्यांची या जाहीर सभेत माफी मागतो. सुकट मात्र बंद होणार नाही.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. अशा कार्यक्रमांत आपण 'विविधतेत एकता' म्हणतो, टाळ्या होतात आणि घरी जातो. आज मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे.

आधी माझीच एक गोष्ट. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा गावोगावी निघाल्या आणि आमच्यासारख्यांच्या बदल्या देशभर व्हायला लागल्या. १९७९ मध्ये माझी बदली सौराष्ट्रातल्या एका शहरात झाली. पत्नी आणि दीड वर्षाची मुलगी चिपळूणला ठेवून मी घर शोधायला लागलो. चार घरं बघितली. घरमालक 'साहेब, बेसो' म्हणून खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. मग एकच प्रश्न यायचा, मांस-मच्छी खाता का? मी खरं सांगायचो. दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, खोली पाहुण्यांसाठी लागणार आहे. दोन महिने लॉजमध्ये काढले. दिवसा लोकांना घरासाठी कर्ज मंजूर करायचो आणि रात्री लॉजच्या खाटेवर पडून विचार करायचो, आपल्यात असं काय वाईट आहे?

शेवटी एका वृद्ध बांनी दोन खोल्या दिल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात शिजवायचं नाही. बाहेर काय खातोस ते मी विचारणार नाही. बायको-मुलीला घेऊन ये." अट त्यांच्या स्वतःच्या घरापुरती होती आणि ती त्यांनी तोंडावर सांगितली. मी मान्य केली. तीन वर्षं तिथे राहिलो. माझी मुलगी पहिली वाक्यं गुजरातीत बोलली.

आता हिशेबाकडे येतो. २००६ साली मी सोसायटीचा मानद सेक्रेटरी होतो. सी विंगमधला एक फ्लॅट विकला गेला. घेणारे रायगड जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक होते. जन्मभर मराठी शिकवलेले, धर्माने मुसलमान. आपण सगळे त्यांना 'सर' म्हणूनच ओळखतो. सर आज आपल्यात नाहीत. भाभी समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे बोलतो आहे.

सभासदत्वाचा अर्ज माझ्याकडे आला. कागद पूर्ण होते. ट्रान्सफर फीचा चेक सोबत होता. त्याच आठवड्यात संध्याकाळी फिरताना दोघा-तिघांनी मला बाजूला घेतलं. "बघा बुवा, आपल्याकडे जरा वेगळं वातावरण आहे." एवढंच. कुणी विरोध केला नाही, कुणी लिहून दिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, कारण अर्ज त्यांच्याकडे नव्हता. तो माझ्याकडे होता. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. पहिल्या कमिटी मीटिंगला 'विषय जास्त झाले' म्हणून घेतला नाही. दुसऱ्या मीटिंगला कोरम नव्हता, म्हणजे मला बरंच झालं.

मला कायदा माहीत नव्हता असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्यात तेव्हा स्पष्ट होतं, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार आपोआप सभासद झाला असं धरलं जातं. कारण लिहून द्यायला माझ्याकडे शब्दच नव्हता. म्हणून मी काहीच लिहिलं नाही.

दीडेक महिन्याने सर घरी आले. चप्पल बाहेर काढून, हातात पिशवी. म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, माझ्या अर्जात काही राहिलंय का? मीही शाळेत प्रवेशाचे अर्ज तपासलेत, म्हणून विचारतो." मी म्हटलं, नाही नाही, प्रोसेसमध्ये आहे. पत्नीने चहा टाकला. सर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "सौराष्ट्रात खोली पाहुण्यांसाठी लागायची, तसंच ना हे?"

त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात मीटिंग बोलावली, अर्ज ठेवला, पाच मिनिटांत मंजूर झाला. एकानेही हात अडवला नाही. ज्यांनी मला बाजूला घेतलं होतं त्यांनीही नाही. म्हणजे अडचण उपविधीत नव्हती आणि खरं तर कमिटीतही नव्हती. ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

पुढे सर कमिटीवर आले. आपल्या इतिवृत्तातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दाखवायचे हे जुन्यांना आठवत असेल. 'मिटींग' मधला दीर्घ 'टी' पाहून त्यांना खरोखर त्रास व्हायचा. २०१४ मध्ये एकदा गच्चीवर टाकीचं काम बघत असताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक होतं मला. दिवस मीही मोजत होतो. कायदा मीही वाचला होता. तीन महिने सरले असते तर मी आपोआप सभासद झालो असतो. पण तसं यायचं नव्हतं. तुम्ही 'या' म्हणावं आणि मी यावं, एवढंच होतं."

मित्रहो, माझं आजचं सगळं भाषण त्या एका वाक्यात आहे. कायदा माणसाला सभासद करू शकतो. शेजारी करू शकत नाही. 'या' हा शब्द आपल्यालाच म्हणावा लागतो.

एक खुलासा करतो. सर नंतर सोसायटीच्या किती उपयोगी पडले हे मी मुद्दाम सांगत बसलो नाही. ते कुणाच्याही उपयोगी पडले नसते, दार लावून घरात बसले असते, तरी त्यांचा हक्क तेवढाच होता. मला इथे फ्लॅट घेताना कुणी 'तुम्ही आमच्या काय उपयोगाचे' असं विचारलं नव्हतं.

काही सभासद म्हणतील, मुंबईत एकेका समाजाच्या सोसायट्या आहेतच की. आहेत. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली, ती देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं, की सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी चालू शकतो. पण ती मंडळी आपल्या समाजासाठीच एकत्र आली होती आणि तसं त्यांनी उघड लिहून ठेवलं होतं. आपल्या उपविधीत तशी एकही ओळ नाही. आपण खुल्या सभासदत्वावर सह्या केल्या आहेत. सहकाराचं हे तत्त्व १८४४ सालच्या रॉचडेलच्या विणकरांपासून चालत आलेलं आहे. कागदावर एक आणि ड्रॉवरमध्ये दुसरं, हे ऑडिटला चालत नाही.

२०१८ मध्ये मुलाकडे सिंगापूरला तीन महिने होतो. तिथे बहुतेक लोक सरकारी वसाहतींत राहतात. १९६४ मध्ये त्या शहराने जातीय दंगली पाहिल्या होत्या. पुढे नव्या वसाहतींतही एकेका समाजाचे गट जमू लागले, तेव्हा १९८९ मध्ये सरकारने मर्यादा घातली, की एका इमारतीत चिनी, मलाय किंवा भारतीय, कोणत्या गटाची किती टक्के घरं असू शकतात. मर्यादा भरली की घर विकणाऱ्याला गिऱ्हाईकही मर्यादेतच शोधावं लागतं. त्याचा जाच होतो असं म्हणणारे तिथेही आहेत. मुलाच्या इमारतीचा तळमजला आपल्या स्टिल्टसारखाच मोकळा होता. एका शनिवारी तिथे मलाय लग्न होतं, बिर्याणीचा वास वरपर्यंत. पुढच्याच आठवड्यात त्याच जागी एका चिनी आजोबांचं पार्थिव ठेवलं होतं आणि लोक रात्रभर बसून होते.

मला आपला स्टिल्ट आठवला. इथेच गणपती बसतो, इथेच ओणमची फुलं मांडतात, नाताळचा केक कापतात. आणि शेवटच्या प्रवासाआधी आपल्या माणसांना इथेच ठेवतात. तिथे हे घडवायला सरकारला कायदा करावा लागला. आपल्याला ते फुकट मिळालं. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, एवढीच भीती वाटते.

म्हातारपणी तर ही गरज वाढते. बी विंगमधल्या अम्मा आठवतात ना? शेवटच्या वर्षी त्यांची स्मृती गेली. चाळीस वर्षं बोललेली हिंदी आणि मराठी आधी गेली, राहिली फक्त तमिळ. मुलगा कामावर, दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी जव्हारच्या. अम्मा काय मागतात ते त्यांना कळेना. मी मदुराईला तीन वर्षं होतो, तेवढ्या मोडक्यातोडक्या तमिळवर रोज संध्याकाळी अर्धा तास जाऊन बसायचो. अम्मा दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "साप्टाच्चा?" जेवलास का? मी रोज सात-आठ वेळा 'जेवलो' म्हणून सांगायचो. उद्या माझंही तसं होईल. तेव्हा मला चिपळूणची मराठी समजणारं कुणी शेजारी असेल का, आणि नसेल तर निदान येऊन बसणारं असेल का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

गेल्या दोन वर्षांत आपल्याकडचे सात फ्लॅट विकले गेले. आणखी विकले जातील. माझाही एक दिवस मुलगा विकेल. 'विकताना जरा बघून विका' हे वाक्य गेटजवळच्या बाकावर मी अलीकडे पुन्हा ऐकलं. रागावलो नाही, कारण ते माझ्याच ओळखीचं वाक्य आहे. म्हणून कमिटीला तीन विनंत्या करतो.

एक, सभासदत्वाचा प्रत्येक अर्ज मिळाल्याच्या तारखेसह नोटीस बोर्डावर लावावा. मग कोणत्याही सेक्रेटरीला ड्रॉवर वापरता येणार नाही.

दोन, नवीन कुटुंब आलं, मालक असो की भाडेकरू, की आठ दिवसांत त्या विंगमधल्या दोघांनी घरी जाऊन यावं. पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ सांगावी, आणि चहाला बोलवावं.

तीन, रात्री-अपरात्री कुणाला बोलवायचं त्याची एक यादी करावी, आणि प्रत्येक नावापुढे त्यांना कोणत्या भाषा येतात ते लिहावं. तमिळपुढे माझं नाव आत्ताच घाला.

वासावरून, पार्किंगवरून, रविवारी सकाळी भिंतीत ड्रिल मारण्यावरून आपण भांडतो. पुढेही भांडू. शेजारी भांडतातच. फक्त भांडण ड्रिलशी असावं, आडनावाशी नसावं.

भाभी, तुम्ही मला बोलायची परवानगी दिलीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. २००६ साली मुदतीत म्हणायचं राहिलं होतं ते आज सर्वांसमोर म्हणतो. या.