नूरमहालची सराई



आग्रा-लाहोर मार्गावर, आजच्या पंजाबातील जालंधर जिल्ह्यात, नूरजहाँने इ. स. १६१८ ते १६२० च्या सुमारास वाटसरूंसाठी सराई उभारली. तांबड्या दगडाचे भव्य पश्चिमद्वार, कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज, आत ओळीने खोल्या. भिंतींनी वाटसरूला चोरांपासून राखले. पण अधिकाऱ्यांपासून कोण राखणार? याचे उत्तर द्वारावरील लेखात आहे. नवाब झकरियाखानाने प्रवाशांना पट्टी माफ केली असून, जो फौजदार ती वसूल करील त्याच्या बायकांना तलाक मिळो, असा शाप त्यात कोरला आहे. आपल्याकडील दानलेखांवरचा गद्धेगाळ येथे सहजच आठवतो. दान देणे पुण्याचे खरे. परंतु दिलेले दान पुढच्यांच्या लोभापासून जपणे अधिक कठीण, हेच दोन्ही लेख सांगतात.