विम्याचा कागद कुणाच्या कपाटात?

(महिला गटांच्या शिबिरातील भाषण)



किती जणींच्या घराचा विमा आहे? हात थोडेच वर आले. आणि घरावर बँकेचं कर्ज किती जणींच्या आहे? हे हात बरेच आहेत. कर्ज देताना बँका बहुधा घराचा विमाही उतरवायला लावतात. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकींच्या घराला विमा असेल, पण कागद आपण पाहिलेला नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तिथल्या एका ताईंचं घर दोघांच्या नावावर. यजमान आधीच वारलेले. चिखल उपसल्यावर पासबुकात विम्याचा हप्ता दिसला, तेव्हा त्यांना कळलं. कंपनीचा सर्व्हेअर आला. तो बोलला दिरांशी; ताई आत चहा करत होत्या. मागच्या स्वयंपाकघराची खचलेली भिंत त्याला कुणी दाखवलीच नाही. मंजूर रक्कम नुकसानीच्या निम्मीही नव्हती. मग एक 'सल्लागार' उगवला : "मी सगळं बघतो, मिळेल त्यातले पंचवीस टक्के माझे. इथे सही करा."

ताईंनी सही केली नाही. कंपनीच्या 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या पावतीवरही नाही. त्या आमच्याकडे आल्या.

तज्ज्ञाची मदत लागतेच, पण ती कुणाची, हे आपण ठरवायचं. सर्व्हेअरकडे सरकारमान्य परवाना असतो, पण त्याची फी कंपनी देते. त्याच्या अहवालाची प्रत मागायचा आपल्याला हक्क आहे. ती आम्ही मागितली. गावातल्या सिव्हिल इंजिनीअरकडून ठरलेल्या फीमध्ये भिंतीचा खर्च लिहून घेतला, फोटो जोडले आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज दिला.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, फी नाही, मुदत एक वर्षाची. तिथे वकील चालत नाही, बोलायचं आपणच. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तिथे वकील हवा असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. मग पंचवीस टक्के कशासाठी द्यायचे?

लोकपालांपुढे ताई स्वतः बोलल्या. भिंतीचे पैसे मिळाले. वाहून गेलेल्या सामानाचे नाही मिळाले, कारण विमा फक्त इमारतीचा होता. तो कागद कुणी कधी वाचलाच नव्हता.

म्हणून आज घरी गेल्यावर कपाट उघडा. विम्याचा कागद शोधा, नाव कुणाचं आहे ते बघा, आणि पुढच्या बैठकीला तो घेऊन या. आपण मिळून वाचू.