तीन बावड्यांच्या वतीने स्वागत

धुक्यातून वाट काढत इथवर आलेल्या विद्वान मित्रहो,

स्थलनामांच्या या परिषदेसाठी गगनबावड्यात आपलं मनापासून स्वागत. काही पाहुणे काल कोल्हापुरातच, कसबा बावड्याला उतरल्याचं कळलं. जीप पाठवली आहे. ते आल्यावर पुन्हा एकदा टाळ्या वाजवू. घाट उतरलात तर सिंधुदुर्गात भुईबावडाही आहे. वर गगन, खाली भुई! स्थलनामांचं शास्त्र मला कळत नाही, पण ही नावं कचेरीत सुचली नसावीत. डोक्यावर ओझं घेऊन घाट चढणाऱ्यालाच ती सुचावीत.

गावाचा विषय निघाला की रामचंद्रपंत अमात्यांवाचून माझं भाषण पुढे सरकत नाही. समितीला हे ठाऊक आहे, म्हणून वेळेची चिठ्ठी आधीच समोर ठेवली आहे. ती वाचली. तरीही सांगतो. रामचंद्रपंतांचे वडील नीलो सोनदेव मुजुमदार. शिवछत्रपतींनी फारसी पदनामं बदलली आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीला निघाले, मागे मुलूख पंतांनी राखला, आणि त्यांना किताब मिळाला 'हुकुमतपनाह'. अस्सल फारसी! १७१५ चं आज्ञापत्र त्यांचंच. करवीर राज्यातली बावडा जहागीर त्यांच्याच घराण्याची. एवढा पुरुष, आणि गगनगडावर येणारे निम्मे लोक ढगांचे फोटो काढून परत जातात. याचा परिषदेशी संबंध काय, असं कुणी विचारेल. नावं कागदावर बदलतात आणि जुनी मागच्या दाराने परत येतात, एवढा संबंध मला पुरेसा वाटतो.

बाकी शिलालेखातलं वेणुग्राम, आपलं बेळगाव आणि १ नोव्हेंबर २०१४ पासूनची बेळगावी यांवर आपण बोलालच. आमच्या गडहिंग्लजकडच्या सोयऱ्यांच्या घरात कानडी आणि बाजारात मराठी चालते. त्यांना याची फारशी अडचण पडलेली मी पाहिली नाही. पाटी रंगवणाऱ्यांना मात्र पडते.

आता उणिवा. पांघरुणं दोन दिवस चुलीजवळ वाळवली, तरी ओलसर लागतील. इथल्या हवेपुढे इलाज नाही. मोबाईलला रेंज हवी असेल तर शाळेच्या पायरीवर उभं राहावं. वीज गेली तर कंदील तयार आहेत. तांदूळ असळजच्या शेतकऱ्यांनी दिला, दूध गवळीवाड्यांतून आलं, मंडप आणि खुर्च्या देणाऱ्या व्यापाऱ्यांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलं आहे. स्वयंपाक पहाटे चारपासून चुलीवर ठेवणाऱ्या भगिनींना दंडवत. उद्या पळसंब्याची लेणी पाहायला जायचं आहे. जळवांसाठी मीठ आणि तंबाखू प्रवेशद्वारापाशी ठेवली आहे, पुडी घेतल्याशिवाय कुणी निघू नये.