सर्व्हर डाऊन आहे, म्हणजे नेमकं काय?



संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मी इंजिनिअर झाल्यापासून पुण्यात आहे. वेबसाइटची जी बाजू तुम्हाला दिसत नाही ती, म्हणजे सर्व्हर आणि डेटाबेस, सांभाळणं हे माझं काम. म्हणून तुम्ही सगळ्यांनी ऐकलेल्या एका वाक्याबद्दल बोलते: "सर्व्हर डाऊन आहे." सातबारा काढायला जा, रेशनला अंगठा लावायला जा, हे वाक्य ठरलेलं. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आता मुख्याध्यापक आहेत, संस्थांवर, पतपेढ्यांवर, ग्रामपंचायतीत आहेत. वेबसाइट करून घेणारे, तिच्या बिलावर सही करणारे तुम्हीच. तेव्हा हे तुमच्याही कामाचं आहे.

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरता होता. २०२५ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू झाला. आता चांदूर बाजारच्या मुलाला इथल्याच कॉलेजात जायचं असलं तरी अर्ज पोर्टलवर. नोंदणी २१ मेला सुरू होणार होती. पोर्टल त्या दिवशी चाललं नाही, आणि नोंदणी २६ मेवर गेली. घरी लॅपटॉप असलेल्या मुलाला पाच दिवस म्हणजे काही नाही. पण ब्राह्मणवाडा थडीहून किंवा शिरजगाव कसब्याहून आईला सोबत घेऊन नेट कॅफेवर येणाऱ्या पोरीचं बसभाडं जातं, आईची मजुरी बुडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्याआधीचा प्रसंग १६ जुलै २०२१ चा, दहावीच्या निकालाचा. कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती. निकाल ९९.९५ टक्के लागला, मुलं पंधरा लाख पंच्याहत्तर हजारांच्या घरात. दुपारी निकाल खुला झाला आणि संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात.

बाहेरून दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. आमच्या कामाच्या दृष्टीने ते दोन टोकं आहेत.

निकाल एकदा लागला की बदलत नाही. लोक फक्त वाचायला येतात. एका मुलाच्या निकालाचा मजकूर ५ केबी धरा. सगळ्या राज्याचा मिळून ८ जीबीसुद्धा होत नाही. खिशातल्या पेनड्राइव्हवर मावेल! मग प्रत्येक मुलासाठी डेटाबेसमध्ये जाऊन शोधायचं कशाला? आदल्या रात्रीच प्रत्येक निकालाचं पान तयार करायचं आणि त्याच्या प्रती देशभरातल्या यंत्रांवर ठेवून द्यायच्या. आईचं नाव विचारतात ना, तेही फाइलच्या नावात गुंफता येतं. शेगावला समाधीच्या दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसंच हे. ज्याला नुसतं पाहायचं आहे त्याला आतल्या रांगेत उभं करायचं नाही. आता बोर्डाचा निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, त्यामुळे गर्दी तशीही विभागली जाते.

प्रवेशाचं तसं नाही. तिथे मूल लिहायला येतं. नाव, गुण, आरक्षण, कॉलेजांचा पसंतीक्रम, आणि पैसे भरणं. एकाच जागेवर दोघांची नावं लागून चालत नाही. म्हणजे प्रत्येकाला आतल्या रांगेतून जावंच लागतं. रेल्वेच्या तत्काळ तिकिटाचीही अडचण हीच.

आता "क्लाऊड घ्या, गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात" असं विकणारा तुम्हाला सांगेल. खोटं नाही ते. बहिरमच्या यात्रेला एसटी जादा गाड्या सोडते. यात्रेसाठी म्हणून कोणी बारा महिने त्या गाड्या पोसत नाही. क्लाऊडचा फायदा नेमका हाच. पण वाढतात त्या गाड्या, म्हणजे पानं दाखवणारी यंत्रं. डेटाबेस बहुतेक वेळा एकच असतो. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस फार वापरला जातो. त्यात मुद्दाम बदल केला नाही तर एका वेळी १०० च जोडण्या घेतल्या जातात. तुमचं प्रत्येक यंत्र २० जोडण्या उघडत असेल, तर पाच यंत्रांवर कोटा संपला. सहावं यंत्र सुरू झालं की त्याला दारच उघडत नाही, आणि तुम्ही त्याचं भाडं मात्र भरता. ऐन गर्दीत यंत्रं वाढवत नेली आणि साइट आणखीच बसली, हे आमच्या क्षेत्रात नवलाचं नाही. जोडण्या वाटून वापरायची सोय आधी करावी लागते.

दुसरं, शोधण्याची पद्धत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नंबर सांगितला तर बाबू दोन मिनिटांत पान काढतात. नुसतं आडनाव सांगितलं तर अख्खं रजिस्टर चाळतात, आणि आपण बाहेर उभे. डेटाबेसला इंडेक्स नसला की तो हेच करतो. पंधरा लाख नोंदी असोत, इंडेक्स असेल तर तीन-चार पायऱ्यांत नोंद सापडते. दुप्पट किमतीचा सर्व्हर घेण्याआधी हे कुणीतरी तपासावं. बहुतेकदा कुणीच तपासलेलं नसतं, माझा अनुभव तरी तसाच आहे.

अंतराचंही तसंच. वेबसाइट एका शहरात आणि डेटाबेस अमेरिकेत, असं स्वस्त म्हणून करू नका. तिकडे जाऊन यायला दर वेळी साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एका पानासाठी चाळीस फेऱ्या झाल्या तर आठ सेकंद गेले. ॲमेझॉनचं क्लाऊड २०१६ पासून मुंबईत आहे, इतरांचीही केंद्रं देशात आहेत. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवा.

मग घ्यायचं काय? वर्षभर सारखीच गर्दी असेल तर भरपूर मेमरीचं, पूर्ण आपल्यासाठीचं एक यंत्र भाड्याने घेणं क्लाऊडपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं. रोज लागणारा डेटा मेमरीत मावला पाहिजे, ही पहिली अट. गर्दी वर्षातून चार दिवसांचीच असेल तर क्लाऊड. दोन्हीकडे कंपनीला विचारायचं ते एकच: एका मिनिटाला जितकी माणसं येणार, तितकी खोटी माणसं सोडून चाचणी घेतली का, आणि ती खऱ्या डेटाएवढ्या डेटावर घेतली का? शंभर नोंदींवर सगळंच पळतं.

आणि बॅकअप. आहे का, असं विचारू नका. मागच्या वेळी तो परत कधी लावून पाहिला, असं विचारा.

राहिला आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीचा विषय. समितीकडे क्लाऊडचं कोटेशन आलंय असं कळलं. नको बाप्पा! सगळ्या बॅचेस धरूनही ही यादी एका साध्या शेअर्ड होस्टिंगवर आरामात चालेल, महिन्याला काहीशे रुपयांत. फक्त डोमेन शाळेच्या नावावर आणि शाळेच्या ईमेलवर घ्या, आमच्यातल्या कुणा एकाच्या नाही. तो उद्या परदेशी गेला की वेबसाइटही त्याच्यासोबत जाते. पासवर्ड लिफाफ्यात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. पहिल्या वर्षीची मांडणी मी करून देते, फोन नंबर तेवढे तुम्ही गोळा करा.