एकच गोष्ट, चार प्रकारांनी

आज मी आमच्या लेखनवर्गाबद्दल सांगणार आहे.

गेल्या वर्षी गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी हा वर्ग भरायचा. बचत गटातल्या आम्ही अकराजणी जायचो. सातवीनंतर मी लिहिलं होतं ते फक्त गटाच्या हिशेबाच्या वहीत. वर्गातल्या ताई म्हणाल्या, "मनात रुतलेली एकच गोष्ट निवडा. चार शनिवार तीच लिहा, पण दर वेळी वेगळ्या प्रकारात."

माझ्या मनात हक्कसोडपत्र रुतलं होतं. वडील गेल्यावर दादा मला तालुक्याला घेऊन गेला, कागद पुढे केला, मी न वाचता सही केली. येताना त्यानं साडी घेतली. बारा वर्षं मी हे कुणाला बोलले नव्हते.

पहिल्या शनिवारी ओवी. आईच्या जात्यापाशी ऐकलेली चाल होतीच, ओळी भराभर आल्या. पण सगळ्या भावाच्या कौतुकाच्या! आणि राग आला तो भावजयीवर गेला. ओवीत पुष्कळदा असंच होतं. माझी सही काही त्यात बसेना.

दुसऱ्या शनिवारी पत्र. पत्रात एकच माणूस समोर असतो, त्यामुळे आडवळण चालत नाही. मी लिहिलं, "दादा, जमीन दिली असती रे. पण मला विचारलं का नाहीस?" मला नेमकं काय दुखत होतं, ते तेव्हा मलाच कळलं.

तिसऱ्या शनिवारी कथा. अट अशी, की गोष्ट दुसऱ्याच्या नजरेनं सांगायची. मग दादाच्या खिशात काय होतं याचा विचार करावा लागला. सोसायटीचं कर्ज होतं, लेकीचं लग्न होतं. माझा राग गेला नाही, पण दादा मला पुन्हा माणूस दिसला.

चौथ्या शनिवारी नुसते संवाद. चुलीपाशी मी आणि आई. माझं बोलणं लिहून झालं, आणि आई काय म्हणेल इथं पेन थांबलं. तिला मी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माहेरी गेले, विचारलं. आई म्हणाली, "मीही केली होती गं सही, माझ्या भावासाठी."

मैत्रिणींनो, म्हणून म्हणते, एका प्रकारावर थांबू नका. रव्याची चाळण वेगळी, पिठाची वेगळी. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या मागे १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. बेबीताई कांबळे यांनी दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून आत्मकथन लिहिलं, 'जिणं आमुचं'. एकीला गाणं जवळचं, दुसरीला आत्मकथन. आपल्याला कोणतं, ते करून पाहिल्याशिवाय कसं कळणार?

तुमच्या गटातही हे करता येईल. महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास ठेवा. एक वही, एक पेन पुरे. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं तिच्याच शब्दांत उतरवावं, शब्द सुधारू नयेत. नावं बदलावीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथं वाचलेलं गावात बोलायचं नाही. आमच्या वर्गात ही शपथ आधी झाली, म्हणूनच आम्ही लिहू शकलो.

ते पत्र मी टाकलं नाही, अजून पेटीत आहे. पण राखीला गेले तेव्हा त्यातला एक प्रश्न दादाला तोंडी विचारला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "विचारायला हवं होतं." जमीन काही परत आली नाही. पण घरी आल्यावर लेकीला जवळ बसवलं आणि चारही कागद वाचून दाखवले. ती म्हणाली, "आई, मी वाचल्याशिवाय सही करणार नाही."

येत्या बैठकीला वही घेऊन या.